रुजवणीची माती

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीवहिनींनी मला जिन्यापाशी गाठलं. ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मुलुंडच्या पूर्वेला आमची दोन मजली इमारत. तळमजल्यावर आम्ही, आणि बरोबर आमच्या डोक्यावर सावंतांचं बिऱ्हाड. रुक्मिणीवहिनी त्या घरातल्या कर्त्या. मी दुधाच्या बाटल्या घेऊन येत होतो.

"भावोजी, यंदा रुजवणीक माती गावतली मा?"

मला वाटलं होतं, यंदा कुणी विचारणार नाही. माझी पत्नी जानकी फाल्गुनात गेली होती. तिचं वर्ष व्हायचं होतं. ज्या घरात यंदा सण नाही, त्या घरची माती देवीच्या घटाला कोण नेणार? मी तसं काहीतरी पुटपुटलो.

"मातयेक खयचा सुतक?" वहिनी म्हणाल्या. "अठरा वर्सां जानकीन् दिल्यान्. यंदा तुमचा काम. नाय तर आमी जावचा खंय, मिठागरात?"

मिठागराचं त्या उगाच बोलल्या नव्हत्या. आमच्या इमारतीपासून दहा मिनिटं चाललं की मिठागरं लागतात. इकडची जमीन मुळातच खारी. पाऊस उघडला की तिच्यावर पांढरी पापडी धरते. इमारत बांधताना कंत्राटदारानं वर मुरूम टाकला, पण मुरमात काय उगवणार? राहायला आलो त्या पहिल्या नवरात्रात जानकीनं मागच्या अंगणातलीच माती पत्रावळीवर पसरली, धान्य पेरलं, मध्ये कलश ठेवला. नऊ दिवसांत रुजवण वीतभर वाढते आणि दसऱ्याला तिचे कोंब देवाला वाहून बायका केसांत माळतात. आमच्या त्या रुजवणीत चार कोंब आले, तेही पिवळे. तिनं ते तसेच देवाला वाहिले. पण दिवाळी झाली आणि तिनं रोज तबेल्यावरून शेणाची पाटी आणायला सुरुवात केली. शेण, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, चुलीची राख, असं वर्षभर चाललं. पुढच्या नवरात्रात आमचा घट हिरवागार उगवला, तो बघून रुक्मिणीवहिनी माती न्यायला आल्या, मग शेजारच्या इमारतीतल्याही बायका येऊ लागल्या.

"देतो," मी वहिनींना म्हणालो. आणि घरात आल्यावर मला धास्ती बसली.

कारण ती हे सगळं करायची तेव्हा मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असायचो. पार्ल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं काढली. सुट्टीच्या दिवशीही माझ्या हातात पुस्तकच असे. ती खुरपं घेऊन वाकलेली असायची. मध्येच "पाय वर घ्या" म्हणायची, मी पाय वर घ्यायचो, ती पायाखालून घमेलं सरकवायची, आणि मी पुन्हा वाचायला लागायचो. अठरा वर्षांत त्या घमेल्यात काय असतं हे मी एकदाही बघितलं नाही. असं लिहिताना वाटतं, एकदा तरी बघितलं असेल. पण आठवत नाही.

आता विचारायचं कुणाला? मुलगी बडोद्याला. मी मला ठाऊक असलेली एकच वाट धरली. कॉलेजच्या ग्रंथालयातून रद्दीत निघालेलं बागकामाचं एक जुनं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यात एक प्रकरण होतं, पावसाळा सरताना बागेची करायची तयारी. मी ते दोनदा वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पितृपक्ष लागला त्या दिवशी कामाला लागलो.

भाद्रपदातलं ऊन विचित्र असतं. सकाळी सर येऊन जाते आणि तासाभरात जमिनीतून वाफा निघायला लागतात. अंगणावर चतुर घिरट्या घालत असत. दोडक्याचा वेल संपत आला होता, तो मी मांडवावरून ओढून काढला. मांडवाच्या काठ्या जानकीनं सुतळीनं बांधल्या होत्या. गाठी भिजून आवळल्या होत्या, माझ्यानं सुटेनात. अर्धा तास नखांनी झटापट केल्यावर कात्री आणून कापल्या. तेरडा वाळला होता. त्याची बोंडं हात लागला की फट्कन फुटून बी उडे. मी दचकायचो. अळवाची पिवळी पानं काढली. पायवाटेवरचं शेवाळ खरवडलं. गोगलगायी डब्यात गोळा करून नाल्याकडे सोडून आलो. पुस्तकात त्यांच्यावर मीठ टाका असं होतं, ते मला जमलं नाही. शेवंतीच्या कुंड्या आडोशातून उन्हात आणल्या. सगळी तणं उपटली, आणि त्यांत कदाचित तणं नसलेलंही काही उपटलं.

समोरच्या तळमजल्यावर भाऊराव राहत. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. सकाळी मी त्यांना माझं वर्तमानपत्र द्यायचो, दुपारी ते मला त्यांचं. ते कुंपणापाशी येऊन बघत उभे राहिले.

"काय लायब्ररी," ते मला याच नावानं हाक मारत, "बागेत छापखाना काढला काय? सगळं ओळीत लावलंय."

"पुस्तकात आकृती आहे."

"झाडांनी वाचलंय का ते पुस्तक?"

मी हसलो, पण मनातून मला ती ओळ बघून बरं वाटत होतं. पूर्वेच्या भिंतीपाशी एका कोपऱ्यात जानकीनं तिरप्या विटा रोवून हात-दोन हातांचा चौकोन वेगळा केला होता. मला ती नुसती शोभा वाटली. विटांमुळे आकृती बिघडत होती. मी विटा काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि सगळा मिळून एक लांब वाफा केला.

पुस्तकात पुढे होतं की पावसानं धुऊन गेलेला कस भरून काढण्यासाठी शेणखताबरोबर दर चौरस हाताला दोन मुठी हाडांचा चुरा द्यावा आणि तो वीतभर खोल मिसळावा. स्टेशनजवळच्या रोपवाटिकेत मी चिठ्ठी वाचून दाखवली. "बोनमील पाहिजे? बोला की तसं," तिथला माणूस म्हणाला, आणि करड्या भुकटीची पिशवी पुढे केली. हाडं कसली, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण माझ्यासाठी तो पुस्तकातल्या यादीतला चौथा पदार्थ होता, इतकंच. मी मोजून मुठी टाकल्या, कुदळीनं वीतभर माती खालीवर केली, वर झारीनं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी माती हातात घेतली तर ती खरोखर भुसभुशीत, काळी झाली होती. मला वाटलं, जानकीला दाखवता आली असती तर.

सर्वपित्री अमावस्येच्या दुपारी नीला खाली आली. नीला ही रुक्मिणीवहिनींची सून, घाटकोपरची मुलगी, वैशाखात लग्न होऊन आलेली. तिची पहिलीच रुजवण.

"काका, उद्या सकाळी सातला आम्ही येतो माती न्यायला. आई म्हणाल्या, आधी सांगून ये, नाहीतर तुम्ही वाचत बसाल."

"या, या. माती तयार आहे."

ती वाफ्याजवळ गेली आणि इकडेतिकडे बघू लागली. "काकूंचा कोपरा कुठला हो यातला?"

"कसला कोपरा?"

"घटाचा. आई सांगत होत्या, काकूंनी तो वेगळाच ठेवला होता, विटा लावून. तिथे काकू कध्धी काही अमंगळ पडू द्यायच्या नाहीत. माशाचं पाणीसुद्धा नाही. मासे धुतलेलं पाणी सगळं कढीपत्त्याला, पण तिथे थेंब नाही." ती हसली. "आमच्याकडे आई मला सारखं तेच ऐकवतात. जानकीचं सगळं कसं नेमाचं होतं म्हणून."

मी भिंतीपाशी रचलेल्या विटांकडे बघितलं. मग मला आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रविवारी बांगडे धुतलेलं पातेलं जानकीनं माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते जिथे सापडेल तिथे ओतायला निघालो तेव्हा ती आतून ओरडली होती, "तिथे नको हो! तिथे नको!" मी पातेलं दुसरीकडे ओतलं आणि का नको, ते विचारलं नाही. पुस्तकाचं पान दुमडून ठेवलं होतं, ते उघडलं.

"इथे, भिंतीकडे," मी नीलाला म्हणालो. ती गेली.

मी पायरीवर बसून राहिलो. कुणालाच कळणार नव्हतं. भुकटी मातीत पार मिसळून गेली होती. रुजवण तर कधी नव्हे इतकी जोमानं आली असती. घरोघरी नऊ दिवस तिच्यासमोर दिवा जळला असता, आरती झाली असती. आणि बोललो तर? उद्या सकाळी सातला त्या बायका दुसरी माती आणणार कुठून? पुढच्या वर्षी मग कोण येईल आमच्या दारात? जानकीच्या मागं तिचं म्हणून या इमारतीत एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती मी सात महिन्यांत बुडवली होती.

दिवेलागणीला मी भाऊरावांकडे गेलो. भाऊराव बौद्ध, त्यांच्याकडे घट बसत नाही. कदाचित म्हणूनच मला त्यांच्याशी बोलणं सोपं वाटलं असेल. मी सगळं सांगितलं.

"उगवंल ना पण?" त्यांनी विचारलं.

"जास्तच उगवेल."

"मग गप बसा की. हाय काय त्यात?"

मी उठलो नाही. ते चष्मा पुसू लागले.

"मला इचारताय म्हणजे तुम्हाला गप बसवंना," ते म्हणाले. "हे बघा, मी त्यातलं काय मानत न्हाई. माझ्या लेखी माती ती माती. पण घट माझा हाय का? तुमचा तरी हाय का यंदा? ज्यांचा हाय त्यांना सांगा, आन् त्यांचं त्यांना ठरवू द्या. दुसऱ्याच्या वतीनं ठरवणारी माणसं मी लय बघितली, लायब्ररी. चांगली चांगली असत्यात. पण त्रास व्हतो त्यांचा."

घरी येऊन मी एका जुन्या पाकिटाच्या मागं वाक्य लिहून पाहिलं. 'अनवधानाने माझ्याकडून असे घडले की...' तीनदा खोडलं. चौथ्यांदा बरं जमलं, ते पाठ केलं.

सकाळी सातला चौघी आल्या. रुक्मिणीवहिनी, नीला, आणि शेजारच्या इमारतीतल्या रतनबाई व त्यांची जाऊ. नाहून आलेल्या, केस ओले, हातात पत्रावळी. नीलानं नवीन हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ते तिला सावरत नव्हतं. रतनबाई वाफा बघून म्हणाल्या, "अगं बाई, काय सुरेख केलंय हो काकांनी!" आणि खाली वाकून त्यांनी ओंजळ भरलीसुद्धा.

पाठ केलेलं वाक्य गेलं कुठच्या कुठे. "थांबा," मी म्हणालो. "त्यात हाडं आहेत."

रतनबाईंच्या हातातून माती खाली पडली. नीलाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं अगदी हळू विचारलं, "काकूंची?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. "नाही, नाही! देवा. खत. खत आहे ते. जनावरांच्या हाडांचं." मग मी सगळं सांगितलं, उलटंसुलटं, आधी पिशवी, मग पुस्तक, मग विटा. चूक माझी आहे, मला कोपऱ्याचं माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं. मध्येच मला वाटलं, मी फार बोलतो आहे, तरी थांबता येईना.

रतनबाई नळावर जाऊन हात धुऊ लागल्या. दोनदा धुतले. "आमच्याकडे नऊला गुरुजी यायचेत," त्या जावेला म्हणाल्या. "चल. बघू कुठे मिळते का." फाटकापाशी वळून मला म्हणाल्या, "काल सांगायचं होतंत." ते खरंच होतं. काल दुपारपासून मला माहीत होतं. रतनबाई पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

रुक्मिणीवहिनी मात्र तशाच उभ्या होत्या. त्यांनी पत्रावळ पायरीवर ठेवली होती आणि भिंतीपाशी रचलेल्या विटांकडे बघत होत्या. त्यांचा राग मला दिसत होता. कानशिलं लाल झाली होती.

"अठरा वर्सां," त्या म्हणाल्या. "अठरा वर्सां तुमी थंयसर बसून होतात."

"हो."

"आणि दिसला नाय तुमका?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी एक वीट पायानं सरकवली. मग म्हणाल्या, "कितपत खणलात?"

"एक वीत. पुस्तकात—"

"ता पुस्तक ऱ्हवांदे. कुदळ खंय?"

मी कुदळ आणली. त्यांना वाटलं मी ती त्यांना देणार. पण मीच खणायला लागलो. विटांच्या खुणांवरून कोपरा शोधला. वरची माती दीड वीत खोल काढून घमेल्यात भरली आणि दूर कढीपत्त्याजवळ ओतली. तीन घमेली झाली. श्वास लागला होता. मला भीती होती ती वेगळीच. मी कधी इतकं खोल गेलो नव्हतो, आणि माझ्या अंदाजानं आता पिवळा मुरूम लागणार होता. मुरूम लागला की संपलं.

माती काळीच होती.

वहिनी गुडघ्यावर बसल्या. पदर खोचला, कुदळ बाजूला केली आणि हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. मूठभर काढून बाजूला टाकली, पुन्हा घातला. कोपरापर्यंत गेला. हातात आली ती काळीच माती, ओलसर, मधूनमधून नारळाच्या शेंडीचे कुजके धागे असलेली.

"आई, अजून आहे?" नीला वाकून बघत म्हणाली.

"असा गो. खालपर्यंत असा." वहिनींचा आवाज बदलला होता. "माका वाटला, शेण-पालो वयल्यावयर घालता. ह्या बाईन् मुरूम काढून टाकल्यान् सगळो. कधी काढल्यान्? एकटीन्?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मुरूम काढायचा म्हणजे पहार हवी, पाट्याच्या पाट्या बाहेर नेऊन टाकायच्या. किती दिवस लागले असतील? मी कॉलेजला गेल्यावर केलं असेल का? की मी पायरीवर होतो आणि माझ्या पायाखालून ती घमेली गेली?

वहिनींनी चिमूटभर माती जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकल्या. "खारी नाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी नीलाकडून पत्रावळ घेतली आणि ती तळाची माती ओंजळींनी भरली, ढेकळं बोटांनी फोडत. एक भरली. दुसरी भरली. मी विचारलं नाही, ती चालेल का म्हणून. त्यांनीही काही सांगितलं नाही. भरून झाल्यावर त्या हाताचा टेकू घेत उठल्या. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी धरला नाही.

"दुसऱ्या खेपेक विचारा," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणाला!" त्यांनी माझी नक्कल केली. "माका विचारा. वर ऱ्हवतंय मी. विलायतेक नाय."

नीलाला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. दोघी पत्रावळी दोन्ही हातांनी सांभाळत, नीला लुगड्याच्या ओच्यात पाय अडकू न देण्याची खटपट करत, जिन्यानं वर गेल्या. थोड्या वेळानं वरून घंटेचा आवाज आला. आमच्या घरात त्या वर्षी घट नव्हता. मी अंघोळ केली, चहा केला आणि मागच्या पायरीवर येऊन बसलो.

कोपऱ्यात हातभर खोल खड्डा तसाच होता. ऊन चढलं तशा त्याच्या कडा वाळून ढासळू लागल्या. तो बुजवायला हवा होता. वरची काढलेली माती परत घालायची नव्हती, तेवढं मला कळत होतं. पण मग काय घालायचं? शेण आणायचं तर ताजं की जुनं? पाला कुठल्या झाडाचा? राख किती? दहा वाजता मी पुस्तक उघडलं, त्यात ते प्रकरण काढलं आणि वाचायला लागलो. दोन पानं वाचली असतील. लेखक देशावरचे असावेत. खाऱ्या जमिनीचं त्यात अक्षरही नव्हतं, आणि घटाचं असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी जेवणं झाली असतील अशा बेतानं मी सदरा बदलला आणि जिना चढलो. अठरा वर्षांत मी सावंतांच्या दारात चार-पाचदा गेलो असेन, तेही जानकीच्या मागून. बेल वाजवावी की कडी, हे ठरवता येईना. दोनदा परत फिरावंसं वाटलं. कामाचा वेळ असेल, विश्रांतीचा वेळ असेल, सकाळचा राग असेल.

मी कडी वाजवली. नीलानं दार उघडलं. आत देव्हाऱ्यापुढे पाटावर काळ्या मातीचा घट मांडलेला दिसला, समईच्या उजेडात ओला.

"आई, काका आलेत!"

"काय झाला?" आतून आवाज आला. "आता काय घातलात तेच्यात?"

"काही नाही," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो. "काय घालायचं, ते विचारायला आलोय."

आत भांड्याचा आवाज झाला. मग रुक्मिणीवहिनी हात पुसत बाहेर आल्या, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पयला, पावस पुरतो जावंदे. दसऱ्यापर्यंत हात लावचो नाय."